धरी यायला उशीर

“‘अक्षरं आहेत की मुंग्या? डोळे फोडून घ्यायचे का माणसानं?’” माईनं मोबाइल हातभर लांब धरून वाचलं. “पुढे अजून आहे. ‘पांढऱ्यावर पिवळं लिहायची अक्कल कुणाची?’”

मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हणाला, “कुणी लिहिलंय?”

“नावं कुठे लिहितात हे लोक! ‘चाळिशी’ म्हणून कुणीतरी आहे.”

“बरं.”

“बरं काय? लोक खेळायला बसलेत आणि त्यांना दिसत नाही. ऊठ.”

तो उठला. तोंडही न धुता कॉम्प्युटरपुढे बसला. माईनं चहा आणून ठेवला आणि लगेच बाहेर गेली. उभं राहून बघितलं की तो पीत नाही, हे तिला आता कळलं होतं.

गेम दोघांचा होता, मुलाचा आणि सुनेचा. एक बाई होडीतून गावोगाव पार्सलं पोचवते, एवढीच गोष्ट. होडी पळवायचं काम त्याचं. घरं, झाडं आणि पडद्यावरचं अक्षर न् अक्षर सुनेनं हातानं काढलेलं. एकाच टेबलावर बसून, भांडत काम करायची दोघं. माई त्याला पोरखेळ म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची.

मग सून हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही. मुलगा आडवा झाला तो झालाच. रडला नाही, ओरडला नाही. जेव म्हटलं की जेवायचा, पुरे म्हटलं की थांबायचा. माईही रडली नाही. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, “वेळ कुणाला आहे?”

असंच एकदा तिनं मुलाला विचारलं, “त्या तुमच्या गेमचं काय झालं?”

“टाकला लोकांपुढे,” तो भिंतीला म्हणाला.

“मग? काय म्हणतात लोक?”

“मी बघितलं नाही.”

“तू नको बघूस. मी बघते.”

गेम माईच्या मोबाइलमध्ये होताच. लहान पडद्यावर कसा दिसतो ते बघायला सुनेनंच घालून ठेवला होता. दुसऱ्या सकाळपासून माई चष्मा लावून मुलाच्या खोलीत हजर. रोज एक तक्रार. बोट फिरवत, अडखळत वाचायची.

“‘बटणं अशी चिकटून बसवलीत की अंगठा एक आणि दबतात दोन.’”

त्यानं बटणं लांब केली.

“‘निरोप येतो आणि वाचायच्या आत पळतो. मी काय शाळेत पहिली आले होते का धावत वाचायला?’”

“बाई आहे वाटतं,” मुलगा म्हणाला.

“असेल. बायकांनी खेळू नये असं आहे का?”

त्यानं निरोप थांबवला. दुरुस्ती झाली की गेम माईच्या मोबाइलवर नव्यानं घालून द्यायचा आणि पुन्हा पडायचा. पण पडायच्या आधी आता आंघोळ करायचा. एकदा दाढीही केली. माईनं बघितलं. तिच्या हिशेबी तेच फार झालं.

मग ती तक्रार आली.

“‘घरी जायचं म्हणून ‘घर’ दाबलं, ते निघालं ‘धर’, आणि होडी काठ धरून बसली. तुमचा घ आणि ध एकच. कुणी शिकवलं लिहायला?’”

शेवटचे शब्द वाचले आणि माईनं मोबाइल खाली घेतला. सुनेचा घ आणि ध पहिल्यापासून एकच. फ्रिजवर चिठ्ठी लावून जायची, ‘माई, धरी यायला उशीर होईल.’ “कुणाला धरून येतेस गं?” म्हणून माई तिला छळायची.

मुलानं मान वळवली. “ते नाही बदलणार.”

“लोकांना कळत नाही रे.”

“नाही कळलं तर नाही.”

तो भिंतीकडे वळला. दुसऱ्या दिवशी चहा थंड झाला. तिसऱ्या दिवशी जेवणाचं ताट जसंच्या तसं परत आलं. माई स्वयंपाकघरात बसून राहिली. गॅस पेटवावा असंही तिला वाटलं नाही.

मग एका सकाळी ती पुन्हा खोलीत गेली.

“आज एकानं बरं लिहिलंय,” ती म्हणाली आणि मोबाइल लांब धरला. “‘अक्षर सुंदर आहे. ज्या हातानं काढलं त्याला नमस्कार. ते बदलू नका. फक्त धच्या डोक्यावरची रेघ जराशी सोडा, म्हणजे त्या बाईला घरी जाता येईल.’”

“कुणी लिहिलंय?”

“नाव नाही.”

तो उठला. दिवसभर त्या एका अक्षरापुढे बसला. संध्याकाळी मोबाइल माईच्या हातात दिला. माईनं घर दाबलं. होडी वळली आणि घराकडे निघाली.

“आता?”

“आता कळतंय,” माई म्हणाली. मग घाईनं, “म्हणजे, लोक सांगतीलच.”

सुट्टीच्या दिवशी लेक भेटायला आली. माईनं तिला दारातच गाठलं. “तुझ्या दादाला बोलायला फुरसत नाही हो. रोज एक तक्रार! लोक नुसता जीव खातात त्याचा.” एवढं सांगून ती ताठ मानेनं आत गेली.

लेक भावाच्या खोलीत आली. तो कॉम्प्युटरपुढे बसला होता.

“दादा, एवढे लोक खेळतात? मला सांग ना कुठे मिळतो. ऑफिसात सगळ्यांना देते.”

त्यानं उठून दार लोटलं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

“हळू बोल. मी तो अजून कुठेच टाकलेला नाही. माईला सांगू नकोस, सकाळी ती त्यासाठीच उठते.”