नेमका अंश

जपानमधल्या सेंदाईच्या प्रयोगशाळेत कानाए पीएचडी करत होती. तेल, पाणी आणि साबणाचं काचेसारखं पारदर्शक मिश्रण नेमक्या किती तापमानाला दुधाळ होतं, ते ती मोजायची. मिझोगुची सरांनी तीस वर्षांपूर्वी काढलेला आकडा तिला एकदाही मिळाला नाही.

"नळी नीट धुतली नसशील," सर दर वेळी म्हणायचे.

सोळाव्या वेळी ते स्वतः बसले. नळी त्यांनीच धुतली, मिश्रणही त्यांनीच केलं. दुपारी नळीत पांढरं धुकं दाटलं, बरोबर तिच्या आकड्यावर.

सरांनी तापमापीवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग उठून तिच्यापुढे कमरेत वाकले.

"सर, असं नका करू."

"कानाए-सान, उद्याच्या वर्गात खरा आकडा तुम्ही सांगा. मी पहिल्या बाकावर बसून लिहून घेईन."