पट्टी लावून मारलेल्या रेघा

"आत येऊ नकोस, वार्निश ओलं आहे," धाकटा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. पंख्याच्या जळालेल्या मोटारीत तो नवी तार भरत होता.

दादा दुकानाच्या दारातच थांबला. इतकी वर्षं मुख्याध्यापक राहिलेल्या माणसाला असं दारात उभं राहायची सवय नव्हती. त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. "पोरीचा वाढदिवस ना आज? दोनदा वाचलंय मी हे. वाचून झालेलं पुस्तक मी घरात ठेवत नाही, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. माझ्याकडे धाडतोस."

"आणि तू एकही उघडलं नाहीस."

"मी नाही. तिने उघडली." धाकट्याने तार खाली ठेवली. "सुट्टीत माळ्यावरचं खोकं काढून बसली. एक दिवस जेवताना विचारते, बाबा, 'आळशी माणूस घरच्यांच्या जिवावर जगतो आणि वर त्यांच्यावरच रागावतो,' ह्याच्याखाली काकांनी पट्टी लावून रेघ का मारलीय? बाजूला 'हे वाच' असं का लिहिलंय?"

"वाक्य चांगलं होतं."

"एवढ्या पुस्तकांत तुला तेवढंच चांगलं सापडलं? एकात आळशी, एकात तापट, एकात दारुडा. दारू सोडून अकरा वर्षं झाली, दादा. पोरगी आज बारा वर्षांची झाली. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुझ्या रेघांनी कळलं."

"तुझ्या भल्यासाठीच मारल्या होत्या. भलं सांगणाऱ्याचा राग येतोच."

धाकट्याने चिंधीला हात पुसले, दाराशी येऊन पुस्तक ओढून घेतलं आणि नोटा मोजाव्यात तशी पानं सोडली. मध्येच अंगठा ठेवला. मोठ्याने वाचलं, "'शिकलेल्या माणसावर हात काळे करायची वेळ येत नाही.' आणि बाजूला, 'हे वाच.'" त्याने दादाकडे पाहिलं. "हे तिच्यासाठी?"

"तिने शिकावं म्हणून."

"तिची आई सकाळच्या पाळीला जाते. ह्याच काळ्या हातांनी मी रोज तिची वेणी घालतो."

धाकट्याने खणातून खोडरबर काढलं आणि पुस्तकावर ठेवून दादापुढे धरलं.

"खोड. सगळ्या रेघा. बाकीची पुस्तकं मी खोडली, चार रविवार गेले माझे. नाहीतर हे परत ने, आणि पुन्हा पुस्तक घेऊन इकडे फिरकू नकोस."

"तू मला सांगणार?"

"माझ्या दुकानात मी नाही तर कोण सांगणार?"

दादाची स्वतःची मुलं त्याने दिलेलं पुस्तक हातात घेत नसत. पुतणीने मात्र आपणहून खोकं उघडलं होतं. त्याने चष्मा लावला, पुस्तक दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच खोडायला लागला.

"हळू. पान फाटेल," धाकटा तार भरता भरता म्हणाला. "शाळेत पोरांना हेच सांगायचास ना?"

दादा खोडत राहिला. पान संपलं की तो फुंकर मारी आणि पुढचं पान उलटवी.

शेवटची रेघ खोडून होते न होते तोच पुतणी शाळेतून आली. पाठीवर दप्तर तसंच. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग काकाकडे. पुस्तकाला हात लावला नाही.

"हे बाबांसाठी आहे की माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी, बाळा. वाढदिवसाचं."

तिने पुस्तक घेतलं, भराभर चाळलं. कुठेही रेघ नव्हती. तिचा चेहरा जरा सैल झाला. तिने पुस्तक पुन्हा काकापुढे धरलं.

"मग तुम्हाला ह्यातलं काय आवडलं, काका? दाखवा ना."

दादाने पुस्तक उघडलं. एक पान उलटलं. आणखी एक.

"थांब हं," तो म्हणाला, आणि पानं उलटत राहिला.