स्वस्तातला डोळा

“आई, आज पुन्हा दिसत नाहीयेस.”

फोन कानाशी धरून बाईंनी छताच्या कोपऱ्यातल्या काड्यापेटीएवढ्या डबीकडे पाहिलं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला न दिसण्याची सवय नसते.

“खुर्चीतच बसलेय की रे.”

“पडदा नुसता काळा आहे. जरा उभी राहतेस? डावीकडे सरक. हं. आता हात हलव.”

बाईंनी हात हलवला. खाली शेजारणींनी पत्त्यांचा डाव मांडला असणार आणि आपण अजून उतरलो नाही म्हणून आपल्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं असणार, हे त्यांना इथूनही कळत होतं.

“नाहीच,” मुलगा म्हणाला. “हवा लागून कण खराब झाले असतील. बरं, जेवायला काय केलंयस?”

मुलगा दूरच्या शहरात एका कंपनीत रसायनतज्ज्ञ होता. लहानपणी एकच विषय धरून कानाशी गुणगुणत राहायचा, म्हणून घरात त्याला भुंगा म्हणत. हल्लीचा विषय म्हणजे हे कण. विषाणूहूनही बारीक, द्रवात तरंगणारे. त्यांचा आकार नेमका साधला, की डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण ते पकडतात. महागडे स्फटिक वाढवत बसायला नको. कणांची शाई करायची आणि चिपवर फासायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर स्वस्तात लक्ष राहतं. चेहरा कळत नाही, फक्त ऊब दिसते.

“एवढं शिकून शेवटी रंगारीच झालास,” असं म्हणून बाईंनी चाचणीची एक डबी घरात लावून घेतली होती.

त्याआधी भुंग्याचा फोन महिन्याकाठी यायचा. कशी आहेस, बरी आहे, तू कसा आहेस, बरा आहे. पुढचं दोघांनाही सुचायचं नाही. “येऊन राहा ना चार दिवस,” असं तो एकदा म्हणाला, तेव्हा बाईंनी वाचनालयाच्या कामाचं कारण सांगितलं. ते खरंही होतं.

डबी आली आणि सुख संपलं. चार दिवस नीट गेले, की संध्याकाळी फोन. ऊठ, बस, सरक. मग कणांचा विषय संपायचा, फोन मात्र संपायचा नाही. गुडघा काय म्हणतो, समोरचा दुकानदार आज कुणाशी भांडला, सगळं त्याला ऐकायचं असायचं. त्याच्या बाजूने कसलाच आवाज यायचा नाही. सूनबाई निघून गेल्यापासून त्या घरात साधं भांडंही वाजत नसावं.

बाईंना घोर वेगळाच होता. चाचणी फसली तर आमचा विभाग बंद, असं तो एकदा बोलून गेला होता. बायको गेली, उद्या नोकरी गेली, तर हा भिंतींशी बोलणार?

चाचणीची घरं न कळवता बघायची, अशी कंपनीची पद्धत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भुंग्याचा साहेब दारात उभा राहिला, तेव्हा बाईंनी पाण्याचा ग्लास आणता आणता ठरवून टाकलं. जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं. त्याचा मोबदला म्हणून एखादं खोटं आपल्याला माफ असायला हरकत नव्हती.

साहेब स्टुलावर चढून डबी न्याहाळत होता. “काही त्रास, काकू?”

“मुळीच नाही. एकदाही बंद पडलेली नाही.” बाईंनी प्रार्थनेच्या मैदानावरचा आवाज लावला होता. “आणि माझ्या मुलाने केलीय म्हणून नाही सांगत. हवं तर लिहून देते.”

“लिहून कशाला?” साहेब हसत खाली उतरला. “मीही तेच म्हणतोय. बाकीच्या घरांतल्या डब्या सारख्या रडतात. तुमची एकटी पहिल्या दिवसापासून क्षणभरसुद्धा मिटलेली नाही. त्याच्या पडद्यावर जे दिसतं, तेच माझ्याही फोनवर येतं ना. थांबा, कालचंच दाखवतो. संध्याकाळचं.”

निळ्या अंधारात एक केशरी बाई उभी होती, थोडी डावीकडे. हात वर केलेला. बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ.

“एक विचारू, काकू?” साहेब म्हणाला. “खोलीत तर दुसरं कुणीच नाही. मग टाटा कुणाला करत होतात?”