पेटी गप्प झाली

पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणारी ती रॅकमधली पेटी कोठीच्या खोलीत अशी घोंघावायची, की बायकोने नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली होती. शेवटी सुट्टीच्या दिवशी त्याने बाह्या सरसावून जुने पंखे उपटले, हळू फिरणारे नवे बसवले, खाली रबराच्या चकत्या सरकवल्या. आता कान लावला तरी आवाज नाही.

"सुटले बाई एकदाची!" बाळाला कडेवर घेऊन बायको म्हणाली. "एरवी नुसती गुणगुणायची. पण मी बाळाला पाजायला पाळण्याच्या खोलीचं दार लावून बसले, की बरोब्बर तेव्हाच किंचाळायची मेली!"

नवऱ्याचं हसू ओठांवरच थिजलं. कुणी कॅमेऱ्यातलं बघायला लागलं, की पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, पेटी तापायची आणि मगच पंखे जोर धरायचे. त्याने स्वतः तर ते कित्येक दिवसांत उघडलं नव्हतं.

"तू मोबाइलवर कॅमेरा उघडतेस का गं?"

"मी? मला तर पासवर्डसुद्धा ठाऊक नाही." ती बाळाला पाजायला आत घेऊन गेली. दार लागलं.

कोठीत चिडीचूप होतं. फक्त पेटीवरचा हिरवा दिवा पिसाळल्यासारखा लुकलुकायला लागला.