पानावरचा हात

वन्सं जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत आल्या, तशी कुमुदिनीने नवऱ्याच्या पानावर हात आडवा धरला.

"हात काढ," वन्सं म्हणाल्या. "माझ्या लेकाच्या वास्तुशांतीला सख्खा मामा तोंड गोड न करता उठणार? पार वाळवलंस गं माझ्या भावाला."

आजूबाजूच्या माना वळल्या. नवरा वरणभात कालवत राहिला. मधुमेह त्याला आणि बोलणी हिला, वर्षभर प्रत्येक कार्यात हेच चाललं होतं. वजन उतरलं, साखर आटोक्यात आली, जिना चढताना लागणारी धाप थांबली, हृदयाचे डॉक्टरही खूश आहेत, हे ती सुरुवातीला सगळ्यांना सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि वाढायचेच.

आज सांगायचंही त्राण नव्हतं. तिने हात काढून घेतला.

"वाढा वन्सं. मी तरी कुठवर आडवी येऊ?"

वन्संनी जिलेबी उचलली आणि त्यांची नजर समोरच्या कोऱ्या भिंतीवर गेली. त्यांच्या यजमानांचा फोटो सकाळीच तिथे लावला होता. भरलेले गाल, ताजा हार. मधुमेह त्यांनाही होता, आणि वन्संच्या आग्रहाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. पन्नाशीतच त्यांचं हृदय बंद पडलं.

वन्संनी जिलेबी परत ताटात ठेवली. कुमुदिनीचा हात उचलला आणि भावाच्या पानावर होता तसा आडवा ठेवला.

"धरून ठेव," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.