व्यायामाचा रकाना

"सगुणाबाई वाघमोडे यांनी आहारतक्ता पाळला नाही, म्हणून त्यांना भोवळ आली," असा रुग्णालयाच्या अहवालाचा निष्कर्ष होता.

वस्तुस्थिती नेमकी उलट होती. वजन उतरवा, नाहीतर घरी बसा, अशी तंबी मिळाल्यावर त्याच रुग्णालयातल्या या आयाबाईंनी बैठ्या माणसासाठी बेतलेला बाराशे कॅलरींचा तो तक्ता महिनाभर पोथीसारखा पाळला होता.

चौकशी समितीपुढे अहवाल त्यांच्या सहीसाठी आला, तेव्हा सगुणाबाईंनी पेन परत केले.

"मॅडम, दिवसभर स्ट्रेचर ढकलते ती मी. बैठी कशी झाले?"

"तुमच्याच फॉर्मवर व्यायामापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंय," तक्ता बेतणाऱ्या आहारतज्ज्ञ म्हणाल्या.

"व्यायाम तुम्ही बागेत करता. माझी ती ड्यूटी असते. खोटं कशाला लिहू?"

समितीच्या अध्यक्षांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. कामाची विचारणा कुठेच नव्हती. 'बैठे काम' हा शेरा मात्र वेगळ्या अक्षरात होता. तो कोणाचा, असे त्यांनी विचारले.

आहारतज्ज्ञांचे उत्तर इतिवृत्तात शब्दशः आहे: "माझा. त्या रोज माझ्या दारावरून स्ट्रेचर नेतात, मी पाहते. पण त्यांना विचारावं, असं मला वाटलं नाही."