टेकडीच्या तीन फेऱ्या

धाकट्याने बुटांचा नवा जोड टेबलावर आपटला. "दादा, सही कर. आठ दिवसांवर शोरूमचं उद्घाटन आलंय आणि तुझी माणसं हातावर हात ठेवून बसलीत."

थोरल्याने सोल्यूशनने माखलेली बोटं आधी चिंधीला पुसली. मग एका बुटात हात घातला, सवयीप्रमाणे डोळे मिटून. पंजापाशी त्याची बोटं ऐसपैस पसरायची, ती आज एकमेकांना चिकटून राहिली.

"हा कुणाच्या पायावर बेतलास?"

"गिऱ्हाइकांच्या! दुकानात घालून बघतात, सैल आहे म्हणतात आणि ठेवून देतात. जुना साचा, जुना फर्मा बंद. उद्यापासून सगळा माल या फर्म्यावर."

"पळून पाय सुजतो. म्हणून आपण माप पळून आल्यावर घेतो. हे तुला मी सांगायचं?"

"झालं तुझं पुराण सुरू! अरे, चाळीस शहरांत जातोय आपला बूट. लोक ऑफिसात घालतात, लग्नात घालतात. पळतंय कोण?"

"आणि टेकडीवर पळणारे? ज्यांनी आपल्याला मोठं केलं ते?"

"किती आहेत? दोनशे? त्यांना हार घालून एक फोटो काढू."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरचा हातोडा त्याने उचलला, उगाच दोनदा हातात फिरवला आणि परत ठेवला.

या कारखान्यात एक नियम होता. नव्या मॉडेलचा पहिला जोड घालून मागच्या टेकडीला तीन फेऱ्या मारायच्या, आणि जो पळेल त्यानेच बुटाच्या जिभेवर आतून सही करायची. सहीशिवाय मशीन सुरू होत नसे. महिन्याला चाळीस जोड निघायचे तेव्हा दोघा भावांनी मिळूनच तो नियम घातला होता. थोरल्याचा गुडघा गेला तसं पळायचं काम धाकट्याकडे आलं. पण अलीकडे धाकट्याने नुसते रंग बदलले होते, त्यामुळे पळायची पाळी आली नव्हती. आज फर्मा बदलूनही तो न पळताच दादाची सही मागत होता.

"मशीन सुरू करा," धाकटा ओरडला.

कुणी हललं नाही. कटिंगमास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. शिलाईच्या मावशी ओवलेलीच सुई पुन्हा ओवायला लागल्या.

"मी नसतो ना दादा, तर अजून फुटपाथवर टाचा ठोकत बसला असतास."

"बसलो असतो. पण न पळता सही केली नसती." थोरल्याने जोड त्याच्याकडे सरकवला. "तू पळ. येऊन तूच सही कर. मी एका शब्दाने आडवा येणार नाही."

"मला जमणार नाही असं वाटतंय तुला."

"मला काही वाटत नाही. टेकडी काही लांब नाही."

सगळे बघत होते. धाकट्याने बाह्या सरसावल्या, दाराशी उकिडवा बसून पायातले बूट काढले. ते जुन्या फर्म्यावरचे होते, थोरल्याच्या हातचे, दोनदा तळ बदललेले. थोरल्याने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पहिली फेरी धाकट्याने तावातावाने मारली. दुसरीत तो पावलं बाहेरच्या कडेवर टाकत होता. तिसरीत पळत होता असं म्हणायचं, एवढंच. थोरला खिडकीतून बघत होता. त्याला बरं वाटत होतं, आणि सख्ख्या भावाचे हाल बघून बरं वाटतंय याची लाजही वाटत नव्हती.

तासाभराने धाकटा जिना चढून आला. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. डाव्या बुटाच्या टोकाला, पांढऱ्या जाळीतून, आतून तांबूस डाग उमटत होता.

"कसे आहेत?" मावशींनी विचारलं.

"मस्त. एक नंबर."

त्याने पेन मागितलं. बूट न काढताच खाली वाकला, नाडी सैल करून जीभ ओढली आणि आतून सही केली. नाडी सोडताना त्याने खालचा ओठ दातांत धरला होता.

"काढून कर की," थोरला म्हणाला.

"गरज नाही."

कटिंगमास्तरांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने शब्द दिला होता. त्याने मान हलवली. मशीन धडधडायला लागली आणि पहिल्या तुकड्यावर कात्री चालली. धाकटा जिन्याकडे गेला. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरला. मान मात्र ताठ होती.

पाचेक मिनिटांनी त्याचा ड्रायव्हर वर आला. वयस्कर, भला माणूस. दारातच घुटमळला.

"दादा, साहेबांनी त्यांचे जुने बूट मागितलेत. ते नवे निघता निघत नव्हते. शेवटी कात्रीने कापून काढले."

थोरला उठला. दाराशी पडलेला जोड उचलून त्याने एका बुटात हात घातला. बोटं ऐसपैस पसरली. मग लंगडत भिंतीपाशी गेला आणि जोड सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या लाकडी फर्म्याशेजारी, ठेवून दिला.

"ते मॉडेल बंद झालं म्हणावं," तो म्हणाला. "आत्ताच साहेबांनी सही केली."